हबवर माल आहे, लाइनवर नाही: मिल्क रनमधल्या नेहमीच्या शॉर्टेजचं निदान

दुखणं असं दिसतं. सप्लायरने माल पाठवलाय, त्याच्याकडे गेटपासची प्रत आहे. थर्ड पार्टी लॉजिस्टिक्सवाल्यांच्या, म्हणजे थ्रीपीएलच्या हबवर गाडी काल संध्याकाळीच खाली झाली. प्लांटच्या पोर्टलवर पार्ट नंबर टाकला की स्टॉक पुरेसा दिसतो. आणि तरी सकाळी पहिल्या शिफ्टला लाइनवर तो पार्ट नाही. मग पीपीसीचा, म्हणजे उत्पादनाचं नियोजन बघणाऱ्या विभागाचा फोन, सप्लायरच्या डिस्पॅचवाल्याची धावपळ, एक छोटा हत्ती स्पेशल भाड्याने आणि महिनाअखेरीला डेबिट नोट, म्हणजे तो खर्च सप्लायरच्या नावावर टाकल्याचा कागद. चार दिवस सुरळीत जातात की पुन्हा तेच. बहुतेक वेळा पार्ट नंबरही तेच चार-पाच असतात.

भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांना यात नवीन काही नाही. वाळूजला किंवा अंबड-सातपूरला रस्ते वेगळे, दुखणं हेच. सप्लायरकडचे डिस्पॅच आणि पीपीसीचे लोक, हबवरचे सुपरवायझर आणि प्लांटच्या मटेरियल विभागातले लोक, अशा तिघांसाठी हे लिहितोय, कारण तिघांपैकी एकट्याला हे सोडवता येत नाही.

निष्कर्ष आधीच सांगतो. या शॉर्टेजचं कारण गाडीत क्वचित सापडतं. समन्वय बाहेरच्या कंपनीकडे देताना आपण गाड्या देतो, पण माहिती आणि निर्णय आपापल्या टेबलावर ठेवून घेतो. त्यामुळे दोष शोधायचा तो माल थांबतो त्या जागी, आणि तिथे थांबलेला माल पुढे काढायचा अधिकार कुणाला आहे या प्रश्नात.

सोपवलं नेमकं काय

पूर्वी प्रत्येक व्हेंडर आपला टेम्पो प्लांटला पाठवायचा. सकाळी गेटवर रांग लागायची आणि त्यातले कितीतरी टेम्पो अर्धे रिकामे असायचे. मिल्क रनमध्ये एकच गाडी ठरलेल्या वेळी पाच-सहा व्हेंडरकडे फिरते, प्रत्येकाकडचा त्या दिवसापुरता माल उचलते आणि जाताना त्यांचे रिकामे बिन, म्हणजे माल भरायचे फिरते डबे, परत देते. लांबचे व्हेंडर, म्हणजे राजकोट, चेन्नई, गुरुग्राम इथले, हबवर काही दिवसांचा माल ठेवतात आणि तिथून प्लांटच्या मागणीप्रमाणे तो निघतो. भारतात ही पद्धत टोयोटाने शिस्तीत आणली. बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यासाठी टीसीआय ही भारतीय वाहतूक कंपनी आणि जपानच्या मित्सुईने मिळून ट्रान्ससिस्टिम नावाची वेगळी कंपनीच काढली. तिथे फक्त गाड्या दिल्या गेल्या नाहीत. कोणत्या व्हेंडरकडे किती वाजता गाडी लागेल, किती मिनिटांत भरली जाईल, रिकामे बिन कोणत्या फेरीत परतील, हे वेळापत्रक बांधण्याचं कामही त्याच हातात गेलं.

फोरपीएल ही त्यापुढची पायरी. १९९६ मध्ये अँडरसन कन्सल्टिंगने, म्हणजे आजच्या अ‍ॅक्सेंचरने, हे नाव ट्रेडमार्क म्हणून घेतलं. कल्पना अशी की स्वतःच्या गाड्या-गोदामं नसलेली एक कंपनी वर बसून सगळ्या वाहतूकदारांचा आणि गोदामवाल्यांचा समन्वय करेल. आपल्याकडे त्याच कामाला ‘कंट्रोल टॉवर’ म्हणतात. पण कागदावर कंट्रोल टॉवर लिहिलेल्या कितीतरी ठिकाणी प्रत्यक्षात एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक जीपीएसचा स्क्रीन आणि ‘गाडी कुठे आहे’ विचारणारी दोन मुलं एवढंच असतं. त्या मुलांना गाडी दिसते. गाडीत काय आहे आणि उद्या सकाळी त्यातलं काय संपणार आहे, हे दिसत नाही.

आधी एका बिनचा प्रवास लिहून काढा

मीटिंग बोलवण्याआधी एकच ताजं शॉर्टेज निवडा. त्या पार्टचा एकच बिन धरा आणि तो कुठे किती वाजता होता ते लिहा. महिन्याची सरासरी काढू नका, सरासरीत हे दुखणं विरघळून जातं.

वेळा सात-आठ ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. इनव्हॉइसची वेळ तुमच्या ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेब-साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळेल, गेटबाहेर पडल्याची वेळ वॉचमनच्या रजिस्टरमध्ये, हबच्या गेटवरची वेळ तिथल्या रजिस्टरमध्ये, स्कॅनची वेळ हबच्या सिस्टीममध्ये आणि जीआरएनची, म्हणजे प्लांटने माल ताब्यात घेतल्याच्या नोंदीची वेळ प्लांटच्या पोर्टलवर. यात माझा सर्वांत जास्त विश्वास वॉचमनच्या रजिस्टरवर आहे, कारण त्या माणसाला कुठलंही रेटिंग सांभाळायचं नसतं.

नमुन्यादाखल एक प्रवास मांडतो. समजा इनव्हॉइस झाला ११:४० ला. गाडी गेटबाहेर पडली १४:०५ ला. हबच्या गेटवर १५:३०. अनलोडिंग संपलं १८:१०. हबच्या सिस्टीममध्ये स्कॅन २१:००. हबवरून प्लांटकडे गाडी निघाली दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३०. प्लांटच्या गेटवर ६:५०. जीआरएन ९:२०.

एकूण २१ तास ४० मिनिटं झाली. त्यात गाडी चालली किती? आधी १ तास २५ मिनिटं, नंतर १ तास २० मिनिटं, म्हणजे पावणेतीन तास. उरलेले १८ तास ५५ मिनिटं माल उभा होता. आणि मीटिंगमध्ये चर्चा कशावर होते? तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकवर.

ट्रॅफिक खोटं नाही. चाकणचा तळेगाव चौक, आंबेठाण चौक आणि शिक्रापूरकडे जाणारा रस्ता संध्याकाळी काय करतात ते रोज जाणाऱ्याला माहीत आहे. पण वरच्या प्रवासात गाडीला आणखी अर्धा तास उशीर झाला असता तरी निकाल तोच लागला असता.

आता उभं राहण्याचे तास नीट बघा. सर्वांत मोठा तुकडा स्कॅनपासून निघण्यापर्यंतचा, साडेआठ तास. पाहिल्याबरोबर वाटतं, हबने डिस्पॅचला उशीर केला. तसं नाही. पहिल्या शिफ्टची मागणी, म्हणजे पुल लिस्ट, प्लांटची सिस्टीम समजा रात्री आठला गोठवते. आठ वाजता हबच्या सिस्टीममध्ये स्कॅन झालेला जो माल दिसेल, त्यावरच रात्रीच्या गाड्या भरल्या जातात. आपला बिन १८:१० लाच हबच्या फरशीवर होता, पण सिस्टीमला दिसला २१:०० ला. एका तासाने कट-ऑफ चुकला आणि त्याची शिक्षा साडेआठ तासांची झाली. म्हणजे दुरुस्त करायचे ते साडेआठ तास नव्हेत. दुरुस्त करायचे ते अनलोडिंग आणि स्कॅन यांच्यामधले २ तास ५० मिनिटं.

तुमच्या आकड्यांत चुकलेला कट-ऑफ वेगळा असेल, पण तो असतोच. प्रत्येक तुकड्यासमोर एकच प्रश्न लिहा: हा माल इथे कशाची वाट बघत होता? ‘माणसाची’, ‘कागदाची’, ‘गाडी भरण्याची’ की ‘ठरलेल्या वेळेची’? ‘ट्रॅफिक’ हे उत्तर फक्त गाडी चालत असलेल्या तुकड्यालाच चालेल.

आधी एएसएन, मग माल

पुढे जाण्याआधी सप्लायरने स्वतःकडे बघायला हवं. इनव्हॉइस आणि गेटबाहेर पडणं यांच्यात रोज दोन-तीन तास जात असतील, तर एक सवय तपासा. डिलिव्हरी रेटिंग पडू नये म्हणून एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, सकाळीच काढून ठेवायची आणि माल अजून प्लेटिंगवाल्याकडे किंवा पेंट शॉपमध्ये, असं चालतं का? एएसएन निघाली की प्लांटची सिस्टीम त्या मालाला ‘वाटेत आहे’ म्हणते आणि त्यावर पुढचं नियोजन करते. नसलेला माल वाटेत दाखवल्यावर पुढच्या कुणालाही योग्य निर्णय घेता येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. बिनवरच्या लेबलच्या छपाईची वेळ आणि एएसएनची वेळ जुळवून पाहा. लेबल एएसएननंतर छापलं असेल तर तुमच्याकडचं शॉर्टेज समन्वयाचं नाही, उत्पादनाचं आहे. मग हे पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि क्षमतेकडे बघा.

होल्डचा कोपरा

हबवर गेलात की ऑफिसमध्ये चहा घेण्याआधी होल्ड एरिया, म्हणजे अडलेला माल बाजूला ठेवायची जागा, दाखवायला सांगा. बहुतेक ठिकाणी तो पिवळ्या पट्ट्यांनी आखलेला असतो आणि पट्ट्यांबाहेर ओसंडून वाहत असतो. तिथल्या दहा बिनची लेबलं स्वतः वाचा. अनलोडिंग ते स्कॅन हा वेळ कुठे जातो ते इथे कळतं.

सर्वांत जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे एकाच बिनवर दोन लेबलं. मागच्या फेरीचं लेबल काढलेलंच नसतं, नवं त्याच्या शेजारी चिकटवलेलं असतं. स्कॅनर जुना बारकोड पकडतो, सिस्टीम म्हणते हा माल आधीच आलाय, आणि ऑपरेटर बिन बाजूला सारतो. यावर सॉफ्टवेअर लागत नाही. रिकामा बिन परत आला की जुनं लेबल काढायचं काम सप्लायरकडे पॅकिंगच्या आधी एका माणसाच्या नावावर असायला हवं. कार्ड होल्डर असलेले बिन घेतले तर फारच छान, चिकटवायचा प्रश्नच राहत नाही.

दुसरी गोष्ट रिव्हिजनची. प्लांटच्या डिझाइन विभागाने ईसीएन, म्हणजे पार्टमधल्या बदलाची सूचना काढली, पार्ट नंबरच्या शेवटच्या ‘ए’चा ‘बी’ झाला. सप्लायरला मेल आला, त्याने लेबल बदललं. प्लांटने आपल्या सिस्टीममध्ये बदललं. हबच्या मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या पार्टांच्या मूळ यादीत, कुणी बदललं नाही, कारण ईसीएनच्या मेलमध्ये थ्रीपीएल नव्हतंच! माल होल्डवर जातो, रात्रीचा ऑपरेटर हतबल, कारण मास्टर बदलायचा अधिकार दिवसपाळीतल्या एकाच माणसाकडे. तेच चार-पाच पार्ट पुन्हा पुन्हा का अडकतात, याचं उत्तर बरेचदा इथे मिळतं: त्या पार्टमध्ये बदल वारंवार होत असतात.

बाकी किरकोळ: तेल लागून पुसट झालेलं थर्मल प्रिंट, झाकणावर लावलेलं लेबल आणि झाकणांची अदलाबदल, एका बिनमध्ये दोन इनव्हॉइसचा माल. आणि एक पद्धतीचा दोष: काही हबवर बिननिहाय स्कॅन करतच नाहीत, पूर्ण इनव्हॉइसचा माल जुळला की एकदम एंट्री मारतात. म्हणजे चाळीस बिनमधला एक कमी पडला की एकोणचाळीस बिनही अदृश्य राहतात. ही पद्धत बंद करून बिन जसा खाली उतरेल तसा डॉकवरच स्कॅन करायला लावा. हँडहेल्ड स्कॅनर अनलोडिंग करणाऱ्याच्या हातात हवा, आत टेबलावर नको.

एकच माल दोनदा मोजला जातो

पोर्टलवर स्टॉक दिसतो आणि लाइनवर नसतो, याचं दुसरं कारण हिशेबाचं. एएसएन निघाली की माल ‘वाटेत’ जमा होतो. हबवर आला की हबच्या स्टॉकमध्ये जमा होतो. पण ‘वाटेत’मधून वजा होतो तो जीआरएन झाल्यावर, म्हणजे एक-दोन दिवसांनी. तोपर्यंत तोच बिन दोन रकान्यांत असतो. एमआरपी, म्हणजे किती माल मागवायचा हे काढणारी सिस्टीम, दोन्हींची बेरीज करते, साठा भरपूर आहे असं समजून सप्लायरचं शेड्यूल कमी करते. तीन दिवसांनी खरा स्टॉक संपतो, पीपीसी घाबरून शेड्यूल दुप्पट करते. सप्लायरही पुढच्या वेळेसाठी जास्त बनवून ठेवतो, त्याला कच्चा माल देणारा त्याहून जास्त. लाइनवरचा वापर मात्र पूर्ण महिनाभर जवळपास तेवढाच राहिलेला असतो.

हा नमुना जुना आणि नीट अभ्यासलेला आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या धंद्यात तो दिसला होता: बाळांची गरज स्थिर, दुकानांतली विक्री फारशी हलत नाही, पण वरच्या पायरीवर ऑर्डरींच्या उड्या वाढत जातात. स्टॅनफर्डचे हाऊ ली आणि सहकारी यांनी १९९७ मध्ये त्याची जी कारणं मांडली, त्यात टंचाईच्या भीतीने फुगवलेली मागणी हे एक ठळक कारण होतं. मध्यवर्ती समन्वयाचा सर्वांत मोठा फायदा खरं तर इथेच मिळायला हवा, कारण हब ही एकमेव जागा आहे जिथून दोन्ही बाजूंचा खरा आकडा दिसतो.

इलाज म्हणून रोज सकाळी फक्त दुखऱ्या पार्टांचा ताळा करा. कालचं वाटेतलं शिल्लक, अधिक काल सप्लायरच्या गेटबाहेर पडलेलं, वजा काल हबवर स्कॅन झालेलं. हे आजच्या वाटेतल्या आकड्याशी जुळलंच पाहिजे. त्याच रीतीने हबचं शिल्लक आणि प्लांटचं जीआरएन. जिथे फरक येईल तिथे त्याच दिवशी जाऊन बिन मोजा. सगळ्या पार्टांचा ताळा एकदम करायला गेलात तर आठवड्यात सोडून द्याल, त्यामुळे त्या चार-पाचांवरच थांबा. आणि प्लांटच्या आयटीकडून एक बदल मागून घ्या: एका लेबलची एका वेळी एकच अवस्था असेल, हबवर स्कॅन होताच ‘वाटेत’मधून तो वजा होईल.

रिकामे बिन कुणाचे

याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. भरलेल्या मालाच्या मागे पाच माणसं असतात, रिकाम्या बिनांच्या मागे कुणी नसतं. बिन परतले नाहीत की सप्लायर पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये माल भरतो. हबवर ते पुन्हा बिनमध्ये भरावं लागतं, ते काम रात्री होत नाही, कट-ऑफ चुकतो.

किती बिन लागतात याचं गणित करून बघा. समजा रोज १,२०० नग लागतात आणि बिनमध्ये ४० बसतात. रोजचे ३० बिन. एक दिवस सप्लायरकडे रिकामे, एक दिवस भरलेले, एक दिवस हबवर, एक प्लांटमध्ये, एक परतीत, असं पाच दिवसांचं चक्र धरलं तर १५० बिन. तुटफूट आणि धुलाईसाठी वीसेक वाढवा, १७०. आता हबवर आणि परतीत एकेक दिवस जास्त गेला तर चक्र सात दिवसांचं होतं आणि तुटफूट न धरताच २१० लागतात. तुमच्याकडे आहेत १७०. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला जोमात डिस्पॅच, मग बिन संपले, मग पुठ्ठा. नवे बिन विकत घेण्याआधी चक्राचे दिवस मोजा. दर जादा दिवसाला ३० बिन अडकतात, आणि नवे घेतलेले बिनही त्याच ठिकाणी जाऊन अडकतील.

थ्रीपीएलच्या करारात परतीच्या बिनांची संख्या फेरीनिहाय लिहिलेली हवी: भरलेले जितके उचलले तितके रिकामे दिले, नाही दिले तर फरक त्याच दिवशी चलनावर. रिकामे बिन डिलिव्हरी चलनावरच फिरतात. ते चलन मोजून भरलं तर हाच तुमचा बिनांचा हिशेब, वेगळी नोंदवही लागत नाही. दुर्दैवाने त्यावर ‘१ लॉट’ असं लिहून सही होते.

कागदामुळे थांबलेली गाडी

बाहेरच्या राज्यातल्या सप्लायरसाठी हा भाग महत्त्वाचा. माल हबवर असताना मालकी तुमचीच असेल आणि प्लांटला विक्री हबवरून होत असेल, तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी घेऊन ते गोदाम त्यात व्यवसायाचं ठिकाण म्हणून दाखवावं लागतं. तुमच्या राज्यातून हबवर आलेला माल हाही करपात्र पुरवठा ठरतो, कारण दोन राज्यांतल्या नोंदण्या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात. मग प्लांटने माल ओढला की हबवरून दुसरा इनव्हॉइस. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तो ई-इनव्हॉइसच हवा. हा दुसरा इनव्हॉइस तुमच्या वतीने रात्री कोण काढतं? तुमच्या चेन्नईच्या ऑफिसमधला माणूस सकाळी साडेनऊला येऊन काढत असेल, तर गाडी भरून रात्रभर उभी राहणारच. हबवरच्या माणसाला मर्यादित लॉगिन देऊन रात्रीचं इनव्हॉइसिंग तिथेच करा.

ई-वे बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे. सुमारे १,२०० किलोमीटरवरून येणाऱ्या गाडीला सहा दिवस मिळतात, ते पुरतात. पण शनिवार-रविवार, सण आणि हबबाहेरची रांग आली की मुदत हबच्या दारात संपते. वाढवून घ्यायची खिडकी मुदत संपण्याआधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास एवढीच. ती ड्रायव्हरच्या भरवशावर सोडू नका, वाहतूकदाराच्या ऑफिसमध्ये आदल्या संध्याकाळी यादी निघायला हवी. मुदत संपलेली गाडी पकडली गेली तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि माल अडकतो तो वेगळाच.

राज्यांतर्गत मालासाठी महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा १ लाख रुपयांची आहे, आंतरराज्य मालासाठी ५०,००० ची. हबवर गाडी बदलली की ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये नव्या गाडीचा नंबर टाकायचा, हे सगळ्यांना माहीत असतं, पण ऐनवेळी छोटा हत्ती बोलावला की नेमकं तेच राहून जातं.

रात्री आठ वाजता निर्णय कोण घेणार

वरचं सगळं दुरुस्त केलं तरी शॉर्टेज पूर्ण थांबत नाही, कारण काही ना काही रोज बिघडतंच. खरा फरक पडतो तो बिघाड दिसल्यावर कोण हलतं यावर.

हबचा रात्रपाळीचा सुपरवायझर कट-ऑफच्या आधी अर्धा तास बघतोय की एक पार्ट अजून डॉकवर आहे. त्याला हेही माहीत आहे की उद्या सकाळी तो लागणार. पण तो बिन आधी स्कॅन करून रात्रीच्या गाडीत टाकायचा तर दुसऱ्या कुणाचा माल मागे राहील, आणि तसं करायची परवानगी प्लांटच्या पीपीसीकडे आहे. पीपीसीचा माणूस सहाला घरी गेला. ग्रुपवर मेसेज टाकला तर त्यावर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. सुपरवायझर नियमाप्रमाणे गाडी सोडतो. त्याला दोष देता येणार नाही, त्याचं काम आहे गाडी वेळेवर सोडणं.

इथे लेखी अधिकार द्यावा लागतो. माझ्या मते तीन निर्णय हबच्या सुपरवायझरला कुणालाही न विचारता घेता आले पाहिजेत: गाडी पूर्ण भरली नसतानाही सोडणं, गाडीतल्या मालाचा आणि व्हेंडरकडच्या थांब्यांचा क्रम बदलणं, आणि ठरलेल्या रकमेपर्यंत स्पेशल टेम्पो बोलावणं. खर्च कुणाच्या माथी, हे त्या रात्री ठरवायचं नाही. वर लिहिलेल्या टप्प्यांना प्रत्येकी वेळेची मर्यादा आधीच घालून द्या. ज्याच्या टप्प्यात मर्यादा ओलांडली त्याच्या नावावर भाडं. आज होतं असं की स्पेशल टेम्पोचं भाडं सरसकट सप्लायरच्या डेबिट नोटमध्ये जातं, मग हबला आणि प्लांटला आपला टप्पा सुधारायचं काही कारणच उरत नाही. लहान सप्लायरवर हा सरळ अन्याय आहे आणि तो बोलत नाही, कारण पुढची ऑर्डर हवी असते.

दुसरं, मोबदला कशावर आहे ते बघा. थ्रीपीएलला फेरीप्रमाणे पैसे मिळत असतील आणि गाडी किती टक्के भरली यावर त्याचं मूल्यमापन होत असेल, तर तो गाडी भरायची वाट बघणार. त्याच्या अहवालात ‘गाड्या वेळेवर’ हा आकडा उत्तम असेल आणि तुमची लाइन थांबलेली असेल, दोन्ही एकाच दिवशी. गाडी वेळेवर आली पण हवा तो पार्ट त्यात नव्हता, तरी अहवालात ती शंभर टक्के मोजली जाते. म्हणून मोजायचं ते असं: मागितलेला पार्ट, मागितलेल्या संख्येत, मागितलेल्या खिडकीत लाइनला मिळाला की नाही. हा आकडा सुरुवातीला बघवणार नाही इतका खाली येईल. त्यावरून लगेच दंड लावू नका, नाहीतर आकडाच सजवला जाईल.

जे करून उपयोग होत नाही

सगळ्याच पार्टांचा सेफ्टी स्टॉक वाढवणं. हबची जागा भरते, होल्डचा कोपरा मोठा होतो, फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी काढायचा क्रम, मोडतो आणि दुखरे पार्ट पुन्हा मागेच सापडतात. लांबून येणाऱ्या दोन-तीन पार्टांना वाढीव साठा लागेल, तेवढाच द्या.

आणखी एक ट्रॅकिंग अ‍ॅप घेणं. गाडीचा ठिपका नकाशावर दिसल्याने बिन स्कॅन होत नाही. बिननिहाय नोंद पक्की झाली की मग जीपीएसचा उपयोग आहे, त्याआधी नाही.

थ्रीपीएल बदलणं. कधी कधी ते गरजेचं असतं, विशेषतः रात्रपाळीला माणसंच नसतील तर. पण जुने मास्टर, जुना कट-ऑफ आणि जुनेच अधिकार नव्या कंपनीला दिलेत, तर काही महिन्यांत तुम्ही याच जागी असाल, आणि मधल्या काळात बिनांचा हिशेब कायमचा हरवलेला असेल.

सुरुवात कुठून करायची, तर एका पार्टपासून आणि एका मीटिंगपासून. मीटिंग प्लांटच्या कॉन्फरन्स रूममध्ये नको, हबच्या डॉकवर घ्या, संध्याकाळी सातला, कट-ऑफच्या आधी. प्लांटकडून पुल लिस्ट गोठवणारा माणूस हवा, सप्लायरकडून गाडी भरणारा, हबकडून रात्रपाळीचा सुपरवायझर. मॅनेजर मंडळी आली तर उत्तम, पण हे तिघं नसतील तर मीटिंग पुढे ढकला. त्या मीटिंगमधून दोन गोष्टी लेखी घेऊनच उठा. एक, ईसीएनच्या मेलमध्ये हबचं नाव आजपासून. दुसरी, मास्टर बदलल्याची पोच हबकडून मेलवर आल्याशिवाय नव्या लेबलचा एकही बिन सप्लायरच्या गेटबाहेर पडणार नाही.